वकीलसाहेबांच्या गाडीचे दिवे

निशांत, तू परवा फोनवर सांगत होतास की बाबांनी घेतलेल्या नव्या गाडीचे पुढचे दिवे दिवसाही जळत राहतात आणि ते बंद कसे करायचे हे तुम्हाला कुणालाच सापडत नाहीये. ताईनं गाडीबरोबर आलेलं पुस्तक चाळलं, बाबांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं, आणि शेवटी कळलं की तिकडे परदेशात ते तसेच असतात, बंद करायचेच नसतात. तुम्ही दोघं हसत होता. मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. दिवसा दिवे लावून गाडी चालवणारा एक माणूस मी फार जवळून पाहिला आहे. त्यासाठी त्याला आख्खा रस्ता हसत असे.

तुम्हा दोघांना मराठी वाचता येतं, निदान आई वाचून दाखवेल, म्हणून सविस्तर लिहिते. हल्ली मी लवकर दमते. डोळ्यांत औषध घातलं की अर्धा तास लिहिता येत नाही. क्रमानं सांगायची मला सवय आहे, पण हा माणूस क्रमात बसणारा नव्हता.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. तुमच्या आजोबांना देऊळगाव राजाच्या हायस्कुलात नोकरी लागली, आणि पुढच्या वर्षी तिथंच मलाही, इंग्रजी शिकवायची. तुमचे बाबा अजून झाले नव्हते. आम्ही एका वकिलांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नाव लिहीत नाही. त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. या बाईंना आम्ही काकू म्हणायचो. दोघांना मूलबाळ नव्हतं.

पहिल्याच दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी शेंदत होते, तर मागून आवाज आला, "बाई, मी पंधरा-वीस मिनिटांत आंघोळीला विहिरीवर येणार आहे. ही सूचना समजावी." वळून पाहिलं तर कुणी नाही. वकीलसाहेब आपल्या खिडकीत उभे राहून बोलले आणि आत निघून गेले होते. मी घाईघाईनं बादली उचलली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वर्षभरानं मला त्या सूचनेशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटेना, पण ती ऐकून कंटाळाही यायचा.

सूचना हा त्या माणसाचा धर्म होता. स्वतःच्या घरात शिरतानाही ते उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे आणि "मी आलो आहे" असं सांगायचे. कुणी भेटायला आलं की थोड्या वेळानं म्हणायचे, "आता मी एक जांभई देईन. तिचा अर्थ आपण समजून घ्यावा." मग खरोखर जांभई द्यायचे. पाहुणा गोंधळून हसायचा आणि उठायचा. कडुनिंबाची फांदी छाटायची असली तर आदल्या संध्याकाळी झाडाखाली उभं राहून झाडाला सांगायचे. दुधावर येणाऱ्या मांजराला दारात बसवून बजावायचे की यापुढे काठी बसेल. आणि एखाद्या पक्षकारावर चिडायचं असलं तर आधी अगदी शांतपणे, "मी आता रागावणार आहे," असं म्हणून चष्मा काढून ठेवायचे. मग जे रागवायचे ते समोरच्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं.

"सूचना दिली की आपली जबाबदारी संपली," असं ते म्हणत. "जगातली निम्मी भांडणं कशानं होतात बाई? कुणी आधी सांगत नाही म्हणून."

काकू यावर स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आन् उरलेली निम्मी सांगितल्यानं होतात." त्या मूळच्या लोणारकडच्या. बोलणं अस्सल वऱ्हाडी, आवाज बारीक. त्यांचं बोलणं वकीलसाहेबांच्या कानापर्यंत जायचं की नाही कोण जाणे. मला मात्र त्या पोरी म्हणायच्या, आणि मी शाळेतून आले की काही ना काही हातावर ठेवायच्या.

आता गाडी. काळी, उंच, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळी असलेली, इंग्रजांच्या काळातली. पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. मेहकरच्या कोर्टात ते आठवड्यातून दोन-तीनदा जायचे. हँडल मारून गाडी सुरू व्हायची. नाही झाली तर आजोबा आणि शेजारची दोन माणसं मिळून ढकलायची. ती सुरू झाली की वकीलसाहेब सगळ्यात आधी पुढचे दिवे लावायचे. लख्ख उन्हात. चैत्रातल्या दुपारीसुद्धा.

हे का विचित्र होतं, ते तुम्हाला समजावून सांगायला हवं. तेव्हा आमच्या भागात मोटारी मोजक्याच. दिवसाढवळ्या एखादी मोटार दिवे लावून येताना दिसली की त्याचा एकच अर्थ व्हायचा. आत कुणीतरी अत्यवस्थ आहे. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, विहिरीत पडलेलं पोर. असा काही सरकारी नियम नव्हता, पण सगळ्या रस्त्याला तो ठाऊक होता. दिवे दिसले की गाडीवान कासरा ओढून बैलगाडी खाली उतरवायचा, एसटीचा ड्रायव्हर बाजूला घेऊन थांबायचा, कडेनं चालणाऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन हात जोडायच्या. खाली उतरणं सोपं नव्हतं. डांबराची पट्टी एका मोटारीपुरती, दोन्ही बाजूंना काळी माती. पाऊसकाळात चाक एकदा त्या मातीत गेलं की वर काढायला दोन माणसांनी खांदा लावावा लागे. तरी लोक उतरायचे. उद्या आपल्या घरचं कुणी त्या गाडीत असेल, असं प्रत्येकाला वाटायचं.

वकीलसाहेबांनी गाडी घेतली तेव्हा सुरुवातीला त्यांनाही सगळे असेच रस्ता द्यायचे. मग माणसं आत डोकावून पाहायची, तर काळा कोट घातलेले वकीलसाहेब एकटेच ताठ बसून फुटाणे खात चाललेले. असं दोन-चारदा झाल्यावर लोकांनी गाडीचं नाव लाइटवाली ठेवलं आणि रस्ता देणं सोडून दिलं. मुद्दाम सोडलं म्हणा ना. इतर मोटारींना हॉर्न ऐकून थोडी तरी जागा द्यायचे. लाइटवालीला तेवढीही नाही. चिखलात उगाच उतरवलं याचा राग असणार.

समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना खूण करायचा. हाताची पाची बोटं मिटायची आणि उघडायची, म्हणजे दिवे चालू आहेत. एकदा मी आणि आजोबा त्यांच्या गाडीतून सिंदखेडला जात होतो. एसटी थांबवून ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ वकीलसाहेब, लाइट जळून राह्यले तुमचे."

"हाव. माहीत आहे."

"बॅटरी बसन नं."

"बसू द्या. तुम्हाला मी दिसलो की नाही?"

"दिसाले काय, तुम्ही तं तिकडून टेकाडावरूनच दिसले."

"मग झालं."

ड्रायव्हरनं कंडक्टरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गाडीतले लोक हसत होते. आजोबा मागच्या सीटवर माझ्या कानाशी म्हणाले, "आपण चालत गेलो असतो तर बरं झालं असतं."

एक नवा फौजदार आला होता. त्यानं गाडी अडवली आणि दिवे मालवा म्हणाला. वकीलसाहेबांनी खाली उतरून त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "कोणत्या कलमानं?" सूर्यास्तानंतर दिवे लावलेच पाहिजेत असं कायदा म्हणतो, सूर्यास्ताआधी लावू नयेत असं कुठं म्हणतो, ते दाखवा. तो बिचारा तरुण होता, घामानं निथळत होता. शेवटी म्हणाला, "जा साहेब, काय करायचं ते करा." वकीलसाहेब हे जिंकलेल्या खटल्यासारखं सगळ्यांना सांगायचे. काकू ऐकून ऐकून थकल्या होत्या. तो प्रसंग सुरू झाला की त्या सूप घेऊन मागच्या अंगणात यायच्या आणि माझ्याशेजारी बसून गहू पाखडायच्या.

त्या मला म्हणाल्या होत्या, "पोरी, मी त्या गाडीत बसतच नाही आताशी. माह्या माहेरी गेलो होतो तं लोक धावत आले, कोण मेलं म्हून. मले लाजच वाटते."

"तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं नं. म्हणे, तुझी हरकत ऐकली, ती फेटाळण्यात येत आहे."

हे खूळ कुठून आलं ते आजोबांनी एकदा विचारून घेतलं होतं. तरुणपणी वकीलसाहेबांनी एका ट्रकवाल्याचा खटला चालवला होता. धुळीच्या लोटातून ट्रक आला आणि बैलगाडीवर गेला. बैल मेला, गाडीवानाचा पाय गेला. गाडीवान साक्षीत एवढंच म्हणाला की मला दिसलंच नाही हो, दिसलं असतं तर मी सरकलो असतो. वकीलसाहेब तो खटला हरले. हरल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही म्हणे. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून आपण दिसलं पाहिजे, आधी दिसलं पाहिजे, हा ध्यास. यात चूक काय होती ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. पण अशा माणसासोबत राहायचं म्हणजे दिवसभर कुणीतरी खांद्यावर टकटक करत असल्यासारखं असतं.

देऊळगावला बालाजीची मोठी यात्रा भरते, दसऱ्याच्या सुमारास. जालन्याकडच्या खेड्यांतून बैलगाड्यांची रांगच्या रांग येते. त्या दिवसांत काकूंकडे पाहुण्यांचा राबता असायचा. त्या वर्षीही होता. काकू दोन दिवस चुलीपाशी होत्या. मी मदतीला गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून पोळ्या लाटत होत्या आणि चेहरा पिवळा पडला होता. काय होतंय विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, वात धरला पोटात. तू कोणाले बोलू नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे दर्शनाला गेले आणि त्या स्वयंपाकघरातच आडव्या झाल्या. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, पोट दगडासारखं. गावातल्या दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि वकीलसाहेबांना बाजूला न नेता तिथंच म्हणाले, "आतलं काही फुटलंय. इथं होणार नाही. जालन्याला न्या, आत्ताच न्या. दुपार टळली तर माझ्या हातात नाही आणि तिथल्या डॉक्टरांच्याही नाही."

वकीलसाहेबांनी काही सूचना दिली नाही. सरळ गाडीकडे गेले. त्या दिवशी ती पहिल्या हँडलला सुरू झाली. आम्ही काकूंना सतरंजीत घालून मागच्या सीटवर ठेवलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. आजोबा बाहेरच्या फळीवर उभे राहिले, दाराची चौकट धरून. आणि वकीलसाहेबांनी सवयीनं दिवे लावले.

गावाबाहेर पडलो आणि समोर यात्रेच्या गाड्या. पूर्ण डांबर व्यापून, एकामागे एक, बैलांच्या शिंगांना रंग लावलेला, आत बायका-मुलं, भाकरीची गाठोडी. नजर पोचेल तिथवर गाड्याच. रात्री पाऊस झाला होता आणि कडेची माती लोण्यासारखी झाली होती. वकीलसाहेब हॉर्न दाबत होते. पहिल्या गाडीवरच्या म्हाताऱ्यानं पाहिलं आणि जागचा हलला नाही.

आजोबा ओरडले, "बाजूला घ्या हो, पेशंट आहे."

"पेशंट?" म्हातारा हसला. मागच्या गाडीवाल्याला म्हणाला, "ऐकलं का बे, वकीलसाहेबाले पेशंट गावला आज."

"खरंच आहे हो. काकू आहेत आत."

"मास्तर, लाइट तं वकीलसाहेबाचे रोजच लागतात. मांगच्या साली असंच उतरवलं आमाले चिखलात. बैलाचा खूर मोडता मोडता राह्यला. तुमीच घ्या नं खाली, तुमची मोटार हाये, तिले काय इंजन हाये."

दुसरा कुणी म्हणाला, "आज फुटाणे संपले वाटते." त्यावर आतल्या बायकाही हसल्या. त्यांना दोष देता येत नाही. त्यांना रोजचंच काही दिसत होतं. आजोबा खाली उतरून गाडीपर्यंत धावत गेले, म्हाताऱ्याला हात जोडले, तेव्हा कुठे त्यानं कुरकुरत बैल वळवले. पुढची गाडी तशीच उभी. तिच्यामागे आणखी. एकेकाला असं हात जोडत गेलो असतो तर जालना दुसऱ्या दिवशी आलं असतं. वकीलसाहेब इंजिन चालू ठेवून बसले होते आणि मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. वादाला मुद्दा सापडत नाही अशा वकिलाचा चेहरा.

काकू मधेच डोळे उघडून म्हणाल्या, "काऊन थांबलो?"

"गाड्या आहेत काकू. यात्रेच्या."

त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "परवापासून दुखून राह्यलं होतं पोरी. ह्यायले नाही सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं ह्यायनं आख्ख्या गावाले सूचना देल्ली असती. घरात पाहुणे. मले नोको वाटलं."

मी वर पाहिलं. वकीलसाहेब पाठमोरे होते, इंजिनाचा आवाज होता. त्यांनी ऐकलं नाही. ते वाक्य मी पुढेही त्यांना कधी सांगितलं नाही. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

मग काकूंनी आवाज थोडा वाढवला. "अहो. ते लाइट तं बंद करा. लोक हसून राह्यले."

त्या माणसानं बायकोची ही हरकत किती वर्षं फेटाळली असेल, मला माहीत नाही. या वेळी त्यांनी स्टिअरिंगशेजारचं पितळी बटण आत दाबलं. माझी खात्री आहे की त्यांच्या मनात कसलीही युक्ती नव्हती. बायकोनं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, एवढंच.

समोरच्या गाडीवरचा माणूस तोंडात विडी धरून आमच्याकडेच पाहत होता. दिवे विझले तशी त्यानं विडी खाली टाकली. उभा राहिला. मागे वळून ओरडला, "लाइटवालीची लाइट बंद झाली रे." आणि आम्ही काही म्हणायच्या आधी त्यानं कासरा ओढून बैल चिखलात घातले. मागच्यानं विचारलं, "काऊन बंद झाली?" तो म्हणाला, "सरक तू बाजूले, तो उगाच बंद नाही करत लाइट, खरंच कोणी हाये आत."

ती हाळी गाडीगाडीनं पुढे गेली. आम्ही पोचायच्या आधी ती पोचत होती. लाइट बंद हाये, लाइट बंद हाये. मी आयुष्यात तसं पुन्हा पाहिलं नाही. आख्खी रांग डाव्या अंगाला कलंडत होती, चाकं मातीत रुतत होती, माणसं उड्या मारून बैलांना धरत होती, आणि मधली काळी पट्टी मोकळी होत होती. बाया गाडीत बसल्या बसल्या हात जोडत होत्या. मघाशी हसणाऱ्यांत आणि यांच्यात काही फरक नव्हता, तीच माणसं. एकानं जाता जाता आजोबांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आजोबांनी तो धरला आणि पुढच्या कुणाला तरी परत देता येईना म्हणून जालन्यापर्यंत तसाच धरून ठेवला.

दुपार टळायच्या आत आम्ही पोचलो. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत आणलं, पण विष आत फार पसरलं आहे.

काकू त्यानंतर पाच-सहा दिवस होत्या. एखाद दिवशी बऱ्या वाटायच्या. आम्ही शाळा सांभाळून आळीपाळीनं जात होतो. वकीलसाहेब व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचे, काळा कोट तोच. मी गेले की विचारायचे, "बाई, तुम्हाला तरी काही बोलली होती का ती?" मी म्हणायची, वात धरलाय म्हणाल्या होत्या. ते मान हलवायचे. "इतक्या वर्षांत तिनं मला कसलीच सूचना दिली नाही. एकाही गोष्टीची नाही." ते तक्रार करत नव्हते. नोंद घ्यावी तसं म्हणत होते. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणायचे, आणि मी पुन्हा ऐकायची.

काकू गेल्या त्या सकाळी आजोबा तिथं होते. काकूंना त्याच गाडीतून देऊळगावला आणलं. गाडी सुरू केल्यावर वकीलसाहेबांचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी आजोबांना विचारलं, "मास्तर, लावू का?" आजोबा म्हणायचे, मला आयुष्यात इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. वकीलसाहेबांनी दिवे लावले नाहीत. यात्रा आटपून परतणाऱ्या गाड्या होत्या. सगळ्या उतरल्या. पुरुषांनी डोक्याची मुंडाशी काढली.

त्यानंतर वकीलसाहेब तसेच जाऊ लागले, दिवे न लावता, इतर मोटारींसारखे. मला वाटलं, काकूंची शेवटची इच्छा म्हणून असेल. विहिरीवरची सूचनाही बंद झाली. मी बादली घेऊन गेले की कधी कधी ते आधीच तिथं उभे असायचे आणि मला पाहून दचकायचे. मला त्या आवाजाचा किती वैताग यायचा, आणि आता तो नाही म्हणून मी सकाळी दारातच थबकायची.

पण रस्ता त्यांना सोडेना. दिवे बंद असलेली लाइटवाली दिसली की बैलगाड्या भराभर खाली उतरायच्या. एसटी थांबायची. मेहकरपर्यंत सगळा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा व्हायचा, आणि गाडीत ते एकटे. सुरुवातीला ते प्रत्येकाजवळ थांबून सांगायचे, कोणी नाही आत, वर घ्या गाडी. मग थांबणंही सोडलं. कोर्टातून आले की ओट्यावर बसून राहायचे. आजोबांनी चहा नेला तर चहा तसाच निवायचा.

एका संध्याकाळी ते आमच्या खोलीच्या दाराशी आले. खाकरले नाहीत. नुसते उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "आज सिंदखेडच्या पुढे एक म्हातारी होती. डोक्यावर सरपण. माझी गाडी पाहून तिनं मोळी खाली टाकली आणि कडेला हात जोडून उभी राहिली. मी हळू केली, तर ती खिडकीपाशी आली. मागच्या सीटवर वाकून पाहायला लागली. कोण हाये रे बाबा आत, म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"कोणी नाही म्हणालो. तिला पटेना. ती पुन्हा वाकून पाहत होती. म्हणे, मंग कोणासाठी चालला तू एवढा."

ते जरा वेळ तसेच दाराची कडी चाचपत उभे होते. मग म्हणाले, "मोळी पुन्हा डोक्यावर चढवायला मी हात लावला. फार जड होती बाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकात मुलींना ओळीनं आत घेत होते. समोरच्या रस्त्यावरून कडब्यानं भरलेली एक बैलगाडी चालली होती, दोन्ही बाजूंना पेंढ्या लोंबत, सगळा रस्ता अडवून. तिच्या मागे वकीलसाहेबांची गाडी होती. ऊन चांगलं वर आलं होतं आणि पुढचे दोन्ही दिवे लावलेले होते. मुली हसायला लागल्या, मी त्यांना दटावलं नाही. गाडीवानानं एकदा मागे पाहिलं, लाइटवाली आहे हे ओळखलं, आणि पुन्हा पुढे तोंड करून बसला. बाजूला घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. वकीलसाहेब हॉर्न वाजवत नव्हते. बैलांच्या चालीनं, कडब्याचा भुसा काचेवर घेत, ते त्याच्या मागे मागे चालले होते. कोर्टाची वेळ होऊन गेली होती.